डोळेवालीचा चेहरा

१

कारजाकाया गावच्या दगडी चर्चमधली डोळेवाली रात्रीतून बिनचेहऱ्याची झाली, आणि लोखंडी दार मात्र जसंच्या तसं कुलूपबंद होतं.

राखणदार सेयफीने सकाळी कुलूप काढलं आणि बॅटरीचा झोत सवयीने डावीकडच्या भिंतीवर टाकला. संत बार्बरा जागेवर उभी होती. तिचा लाल झगा होता, हातातला क्रूस होता, डोक्यामागचं पिवळं वलय होतं. मधला चेहरा तेवढा नव्हता. तिथे उघडा खडक दिसत होता, लंबगोल, खरबुजाची फोड काढावी तसा नेटका.

गावात तिला बार्बरा कुणीच म्हणत नसे. त्या मऊ दगडाच्या सुळक्यांत घरं आणि चर्च कोरणारी माणसं कधीच निघून गेली होती, आणि मागून राहायला आलेल्यांनी आपल्या सोयीची नावं ठेवली होती. चर्चमधले खालच्या रांगेतले सगळे संत आंधळे होते. नजर लागू नये म्हणून कुणी, तर नुसत्या वात्रटपणाने कुणी, पिढ्यानपिढ्या खिळ्याने त्यांचे डोळे खरवडून टाकले होते. हिचे तेवढे शाबूत होते, म्हणून ती डोळेवाली. पोराचे डोळे आले की गावातल्या बाया दाराबाहेरच्या झुडपाला तिच्या नावाने चिंधी बांधायच्या. नमाज पाचही वेळची चुकवायची नाही, आणि चिंधीही बांधायची.

सेयफी धावत चौकीवर गेला आणि तिथेच अडकला.

"किल्ली कुणाकडे असते?" फौजदार वाहितने विचारलं.

"माझ्याकडे. पट्ट्याला."

"रात्री?"

"उशाखाली."

"दुसरी किल्ली?"

"नाही, साहेब."

"मग दार उघडून आत गेलं कोण? डोळेवाली स्वतःच उठून गेली?"

फौजदाराने त्याला बाकावर बसवलं आणि जिल्ह्याच्या संग्रहालयात फोन लावला. दुसऱ्याच दिवशी अंकाऱ्याहून एक बडे प्राध्यापक त्या चित्रांचे फोटो काढायला येणार होते, आणि त्यांच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर नेमका तोच चेहरा यायचा होता.

२

संग्रहालयाच्या नेझाहत बाई दुपारी जीपमधून उतरल्या तेव्हा अख्खं गाव काकवीच्या वासात बुडालेलं होतं. द्राक्षं उतरली होती आणि प्रत्येक अंगणात कढई चढली होती. बाई पन्नाशीच्या, एकट्या, बोलायला मऊ. शेजारच्याच खोऱ्यातल्या असल्यामुळे त्यांना सुळक्यांचं अप्रूप नव्हतं. अप्रूप होतं ते माणसांचं. एखादी गोष्ट पटली नाही की त्यांना खाज सुटल्यासारखं व्हायचं, आणि आज चर्चच्या दारातच खाज सुटली होती.

"चोर पकडलाय," फौजदार म्हणाला. "तुम्ही फक्त नुकसानीचा कागद करा."

"करते की. आधी नुकसान बघू द्या."

बाईंनी बॅटरी वर धरली. घुमटात ख्रिस्ताचं मोठं चित्र होतं, त्याच्यामागे महागातला निळा रंग. तस्कर असता तर त्याने वरून सुरुवात केली असती. निदान दाराजवळच्या देवदूताला तरी सोडलं नसतं. तो सहज हाताला येत होता आणि त्याचा गिलावा आपणहून सुटत आलेला होता. इथे सगळं सोडून एकच चेहरा काढला होता.

"जमिनीवर काही पडलं होतं का, फौजदारसाहेब?"

"नाही. माझ्या माणसांनी काही उचललेलं नाही."

"म्हणजे जो आला तो झाडून गेला." बाई गुडघ्यावर बसल्या. "चोर झाडतो का हो कधी?"

फौजदार काळ्या समुद्राकडचा होता. त्याला या दगडांचाही कंटाळा होता आणि असल्या प्रश्नांचाही.

भिंतीवर, चेहऱ्याच्या जागेखाली, सुकलेला एक ओघळ होता. बाईंनी तो नखाने उचलला, हुंगला. आंबूस वास. पिठाची खळ. भिंतीवरचं चित्र अख्खं उतरवायचं असेल तर आधी त्यावर खळीने कापड चिकटवतात, म्हणजे पोपडे उडत नाहीत. हे काम छिन्नीवाल्याचं नव्हतं. चेहऱ्याला इजा होऊ नये अशी काळजी असलेल्या माणसाचं होतं.

मग त्यांनी खळग्याची कड तपासली. एका कोपऱ्यात मूळ गिलाव्याला चिकटून वेगळ्या मालाचा एक कण राहिला होता. मूळ गिलाव्यात बारीक चिरलेला पेंढा दिसत होता. हा कण पांढराशुभ्र होता, पिठासारखा भुसभुशीत. बाईंनी तो जिभेला लावला आणि पुन्हा खळग्याकडे बघितलं.

"काय झालं?" फौजदाराने विचारलं.

"प्लास्टर ऑफ पॅरिस. हजार वर्षांपूर्वीच्या चर्चमध्ये."

फौजदाराने भुवया उंचावल्या, पण बाईंची बॅटरी तोवर मागच्या लहान खोलीकडे वळली होती. तिथे भुयाराच्या तोंडाशी जात्यासारखा एक वाटोळा दगड उभा होता, माणसाच्या छातीएवढा. जुन्या लोकांनी हल्लेखोरांना अडवायला असे दगड ठेवलेले असत. त्याच्या पायाशी जमिनीवर ताजी, पांढरी कमान उमटली होती. दगड नुकताच लोळवला गेला होता.

फौजदाराने दगडाला खांदा लावला. दगड हलला नाही.

"इथून हलायचा नाही," बाई म्हणाल्या. "त्याची खाच पलीकडे आहे. आत लपलेल्यांनाच उघडता यावा म्हणून तो तसा बसवलेला असतो. दाराचं कुलूप सोडा, साहेब. तुमचा माणूस डोंगराच्या पोटातून आलाय."

३

भुयार कुठे निघतं हे गावातल्या कुणालाही विचारलं असतं तरी कळलं असतं. त्याला पुढे दोन फाटे फुटत. एक जुन्या वस्तू विकणाऱ्या रुश्तूच्या लिंबांच्या कोठारात निघे. या दगडात उन्हाळा शिरत नाही, म्हणून दक्षिणेकडची लिंबं इथल्या गुहांत महिनेच्या महिने ताजी राहतात. दुसरा फाटा निघे सेयफीच्या घरच्या तबेल्यात.

"झालं की मग," फौजदाराचा चेहरा उजळला. "वाट त्याच्याच घरातून येते."

"ज्याच्या पट्ट्याला किल्ली आहे तो भुयारातून सरपटत कशाला येईल?"

"संशय टाळायला."

"आणि सकाळी स्वतःच चौकीवर येऊन सांगेल? एवढा हुशार असता तर आज शेतात निघून गेला असता, आणि तुम्हाला चार दिवस पत्ता लागला नसता."

फौजदाराने हा हिशेब मनात करून बघितला. "उद्या प्राध्यापक यायच्या आत सांगा काय ते," तो म्हणाला. "नाहीतर मी पोराला जिल्ह्याला पाठवतो. वरून फोन आलाय."

बाई आधी चौकीत सेयफीला भेटल्या. पोरगा रडून थकला होता. लहानपणी आपण भुयारात खेळलोय, पण लग्नाच्या वयात कोण शिरतं तिथे, असं म्हणाला.

"तुझ्याआधी राखणदार कोण होतं?"

"वडील. इस्तंबूलची मंडळी चर्चची डागडुजी करायला आली होती, तेव्हापासून. माझा जन्मही नव्हता झाला. वडील दाराशी, रुश्तू काका माल कालवायला, गावातले निम्मे तरुण तिथेच होते म्हणे." तो बाकावर पुढे सरकला. "बाई, वडिलांनी त्या चर्चचा दगड कुणाला हलवू दिला नाही. लोक आता काय म्हणत असतील ते मला इथे बसून ऐकू येतंय. म्हणतील, बाप-लेक मिळून विकत होते."

"आई काय म्हणते?"

"आईचं काय. ती तर चर्चमध्ये पाऊलही टाकत नाही. बाहेरूनच मला हाक मारते. अख्ख्या गावाने चिंध्या बांधल्या, तिने कधी एक बांधली नाही. मला गोवर झाला तेव्हासुद्धा."

मकबुले अंगणात कढईपाशी होती. पन्नाशीची, काटक. कढईतून उसळणाऱ्या फेसाकडे तिची नजर आणि डोक्यावरच्या रुमालाचं टोक नाकापर्यंत ओढलेलं. गावातल्या तिच्या वयाच्या बाया आपल्या अंगणात असा तोंड झाकणारा पदर कधीच घेत नाहीत, आणि समोर बाईमाणूस असताना तर नाहीच.

"बसा, बाई. चहा देते."

"मकबुले ताई, तबेल्यातल्या भुयाराला दार आहे का?"

"फळी आहे. कोंबड्या आत जाऊ नयेत म्हणून."

"काल रात्री कुणी आलं गेलं, कळलं?"

"मी झोपले होते. पोरगी झोपली होती, माझी भाडेकरू, तुलाय. सेयफी घोरत होता." तिने लाकडी पळी फिरवली. "त्याला कधी सोडणार?"

"ज्याने चेहरा काढला तो सापडला की."

"चेहरा," मकबुले म्हणाली. "गेला तर गेला. दगडाच्या चेहऱ्यापायी जिवंत पोर कोंडायचं का?"

बाईंना वाटलं, ही जे विचारायला हवं तेच विचारत नाहीये. सकाळपासून भेटलेल्या प्रत्येक माणसाने 'कुणी काढला असेल हो' असं विचारलं होतं. या बाईने विचारलं नव्हतं.

मकबुलेने पळीतली काकवी फुंकली आणि चव बघायला रुमाल हनुवटीखाली सरकवला. क्षणभरच. मग पुन्हा ओढून घेतला.

"अजून पातळ आहे," ती म्हणाली.

४

तुलाय ही अंकाऱ्याची विद्यार्थिनी, येणाऱ्या प्राध्यापकांचीच. उन्हाळाभर मकबुलेच्या माडीवरच्या गुहेत राहून तिने चर्चमधलं एकेक चित्र कागदावर उतरवलं होतं. खोलीत शिरताच बाईंच्या नाकाने वास ओळखला. खिडकीत वाटी होती आणि वाटीत खळ.

"कागद जोडायला," तुलाय म्हणाली, आणि बाईंची नजर बघून लालबुंद झाली. "तुम्हाला काय वाटतंय ते कळलं मला. पण मी कशाला नेऊ? माझा अख्खा प्रबंध तिच्यावर उभा आहे. गुरुजी उद्या मला फाडून खातील."

"बस, पोरी. मला सांग, तिच्यात वेगळं काय होतं?"

"बाकीचे संत सगळे एका साच्यातले. लांब नाक, छोटी जिवणी. ही तशी नव्हती. हिचा चेहरा बघून बनवल्यासारखा होता, म्हणजे समोर कुणीतरी बसलंय आणि चित्रकार बघतोय तसा. मी तेच लिहिणार होते, की त्या काळी इथे माणूस समोर बसवून चित्र काढणारा एक कलावंत होता." ती थांबली. "गुरुजी म्हणाले, थांब, घाई नको. मी जांभळ्या प्रकाशाचा दिवा आणतो. त्यात जुना रंग एक दिसतो आणि नवा दुसरा."

"हे तू कुणाला सांगितलंस?"

"सगळ्यांनाच. परवा जेवताना. मावशी होत्या, सेयफी दादा होते. रुश्तू काका लिंबं घेऊन आले होते, त्यांना मावशींनी दारातच पोळी-भाजी दिली. तेही ऐकत होते."

"कुणी काही म्हणालं?"

"सेयफी दादा म्हणाले, छान, वडिलांनी जपलेलं चित्र किती जुनं ते जगाला कळेल. बाकी कुणी नाही."

बाईंनी विचारलं, "तू महिनाभर त्या चेहऱ्याला नाक लावून बसलीस. चेहऱ्याभोवती कुठे सांधा दिसला होता? जोड, भेग, काहीही?"

"नाही. अखंड होता. तिथे सांधा असता तर मी आधी काढला असता. मी केसाएवढ्या भेगासुद्धा काढल्यात."

"नक्की?"

"आईशपथ. हे बघा ना." तिने गुंडाळी सोडली आणि कागद गादीवर पसरला.

डोळेवाली गादीवरून बाईंकडे बघत होती. रुंद गाल, डाव्या भुवईला किंचित उठाव, आणि हनुवटीत एका बाजूला सरकलेली खळी, कुणीतरी घाईने बोट टेकवून ठेवल्यासारखी.

बाईंनी ती खळी तासाभरापूर्वी बघितली होती. कढईपाशी. काकवीची चव घेताना.

५

रुश्तूचं दुकान रस्त्याच्या वळणावर होतं. तांब्याचे दिवे, फुटके रांजण, रोमन नाणी. त्यातलं निम्मं त्यानेच मागच्या अंगणात पुरून जुनं केलेलं, हे सगळ्या तालुक्याला ठाऊक होतं. फौजदाराच्या माणसांनी सकाळीच झडती घेतली होती आणि त्यांना काही सापडलं नव्हतं. रुश्तू बाकावर बसून एका जुन्या पोथीची पाठ खळीने चिकटवत होता.

"या, बाई. तुम्हाला काय विकू? खरं काहीच नाही."

"गिऱ्हाइकांनाही असंच सांगता?"

"सांगतो. ऐकत नाहीत. म्हणतात, हा म्हातारा लबाड आहे, खऱ्याला खोटं म्हणून भाव वाढवतो." तो हसला नाही. "सेयफी जेवला का?"

"त्याची आई डबा घेऊन गेली होती. पोराने उघडला नाही."

रुश्तूचा ब्रश थांबला.

"आज सबंध दिवस लोक मला सांगतायत की चोर तुम्हीच," बाई म्हणाल्या. "मला एकच अडचण आहे. तुम्हाला खऱ्या-खोट्याची पारख आहे. घुमटातला निळा रंग सोडून तुम्ही प्लास्टरचा तुकडा नेणार नाही. विकायला तरी नाही."

"मग सुटलो म्हणायचं मी."

"नाही, रुश्तू भाऊ. आता तर खरे अडकलात." बाईंनी जवळचं स्टूल ओढलं. "खालच्या रांगेतल्या सगळ्यांचे डोळे गेले आणि हिचे राहिले. लोक म्हणतात चमत्कार. मला वाटतं, खरवडणारे होऊन गेल्यावर ती आली. मूळ चेहरा कधीच पडून गेला होता. इस्तंबूलच्या मंडळींनी तिथे प्लास्टर भरलं आणि शिस्तीप्रमाणे कोरं ठेवलं. ते गेल्यावर त्यावर कुणीतरी चेहरा रंगवला, आणि रंग इतका बेमालूम मिळवला की प्लास्टर कुठे संपतं ते दिसेना. काल रात्री ज्याने तो उतरवला त्याने पातं बरोबर त्याच न दिसणाऱ्या कडेने फिरवलं. एके ठिकाणी कणभर प्लास्टर राहिलं, बाकी मूळ गिलाव्याला ओरखडासुद्धा नाही. आता मला सांगा. महिनाभर भिंतीला नाक लावून बसलेल्या पोरीला जी कड दिसली नाही, ती अंधारात कुणाच्या हाताला माहीत असेल?"

रुश्तूने ब्रश वाटीत ठेवला.

"ज्याने ते प्लास्टर भरलं, त्याच्या," बाई म्हणाल्या. "त्या वेळी माल तुम्ही कालवत होतात."

रस्त्यावरून एक ट्रॅक्टर द्राक्षांच्या पाट्या घेऊन गेला.

"विसाव्या वर्षी माणूस काहीही करतो," तो शेवटी म्हणाला. "मंडळी गेली, त्यांचे रंग उरले. आणि एकीचं लग्न ठरलं होतं."

"राखणदाराशी."

"चांगला माणूस होता तो. त्याला चेहरा ओळखू आला असणार, रोज घरी बघत होता की. कधी एक शब्द बोलला नाही. मीही नाही." त्याने हात पुसले. "मग ती पोरगी म्हणाली, दिवा येणार, नवं-जुनं कळणार. म्हणजे काय होणार? राखणदाराने मूळ विकून खोटं बसवलं, असंच म्हणणार सगळे. मेलेल्या माणसाची अब्रू जाणार आणि सेयफीची नोकरी. आणि चेहरा पुस्तकावर छापून आला की गावातली एखादी म्हातारी म्हणणारच, अगं, ही तर आपली अमकी. मला वाटलं, चेहराच नसेल तर प्रश्नच नाही. पहिला संशय माझ्यावर येणार, झडती होणार, काही मिळणार नाही, संपलं. दार बंद, म्हणजे सेयफी मोकळा, असं धरून चाललो मी. त्या फौजदाराला किल्लीपलीकडे काही दिसणार नाही हे कसं कळावं?"

"मग सकाळीच का नाही सांगितलंत?"

"काढला हे सांगायला किती वेळ लागतो? पण का काढला हेही सांगावं लागतं ना, बाई. ते माझ्या एकट्याचं नाही." तो उठला. "उद्या फौजदारासमोर मी म्हणेन, विकायला नेला होता. तुम्ही होकार द्या. विषय मिटेल."

"आणि पाच वर्षं आत जाल."

"जातो की," रुश्तू म्हणाला. "बाहेर तरी कोण वाट बघतंय?"

बाई परतल्या त्या रात्रभर कूस बदलत राहिल्या. खोटं लिहायचं तर आयुष्यभराची सवय मोडायची, आणि खरं लिहायचं तर एका बाईच्या अंगणात अख्खं गाव आणून उभं करायचं.

६

सकाळी चर्चमध्ये पाचच जण होते. फौजदार, सेयफी, तुलाय, रुश्तू आणि नेझाहत बाई. रुश्तूने लिंबांच्या पेंढ्यातून काढलेला एक चपटा खोका आणला होता, आत तो चेहरा. प्राध्यापकांची गाडी खोऱ्यात उतरताना वरून दिसत होती.

बाईंनी भुयार सांगितलं, प्लास्टर सांगितलं, न दिसणारी कड सांगितली. चेहरा काढणारा आणि तो रंगवणारा एकच, इथवर त्या आल्या. तुलायने तोंडावर हात नेला. तिचा हजार वर्षांपूर्वीचा कलावंत अंगावर खाकी कोट घालून समोर उभा होता.

"म्हणजे जुनं काही चोरीलाच गेलं नाही," बाई म्हणाल्या. "माझ्या कागदात एवढंच येईल."

"पण काढला कशासाठी?" फौजदार हटायला तयार नव्हता. "आणि मुळात रंगवला कशासाठी? कुणाचा चेहरा आहे हा?"

"ते माझ्या कागदात लागत नाही."

"माझ्या कागदात लागतं."

"विकायला नेला," रुश्तू म्हणाला. "खरा म्हणून खपवणार होतो."

"माझा आहे."

आवाज दारातून आला. मकबुले उंबऱ्यावर उभी होती. कधीच न ओलांडलेला तो उंबरा तिने ओलांडला, आत आली, आणि रुमाल हनुवटीखाली घेऊन तिथेच गाठ मारली. तुलाय एकदा तिच्याकडे आणि एकदा आपल्या हातातल्या कागदाकडे बघत राहिली.

"तुम्हाला लिहिता येतं ना, साहेब?" मकबुलेने फौजदाराकडे बघितलं. "तर लिहा. चेहरा माझा. रंगवला तेव्हा मी सतरा वर्षांची. मला कुणी विचारलं नाही, आणि मी कधी इथे उभी राहिले नाही. एवढंच. यात लाजण्यासारखं मी काही केलेलं नाही. लाजत मात्र आले. आता पोरगा कोंडला गेला आणि हा मूर्ख तुरुंगात जायला निघालाय, तेव्हा पुरे झालं."

"आई," सेयफी म्हणाला. "बाबांना ठाऊक होतं?"

"पहिल्या दिवसापासून. लग्नानंतर एकदा म्हणाले, तिचे डोळे कुणी खरवडणार नाही याची मी काळजी घेईन. आणि घेतली. तुझ्या बापाला कमी समजू नकोस."

सेयफी भिंतीला टेकला. रुश्तू जमिनीकडे बघत होता. त्याला हे आजच कळत होतं.

फौजदाराने टोपी काढली, पुन्हा घातली. "पुराणवस्तूची चोरी नाही," तो हळूच म्हणाला. "प्लास्टरच्या चोरीला कलम कुठलं लावतात, बाई?"

तेवढ्यात प्राध्यापक आत आले. टक्कल, दमा, हातात तो मोठा दिवा. झालेली हकीकत त्यांनी निम्मीच ऐकली असावी. ते सरळ खळग्यापाशी गेले, चष्मा कपाळावर चढवला आणि तुलायला म्हणाले, "इकडे ये. तू हे काढलंस का?"

"काय, गुरुजी?"

उघड्या खडकावर, प्लास्टरचा थर निघून गेलेल्या जागी, फिकट गेरूच्या रेषा होत्या. कालपासून त्या खळग्यात सगळ्यांनी चेहरा नसणं तेवढं बघितलं होतं. एक पक्षी होता, मुलाने काढावा तसा, मान वाकवून द्राक्षांचा घड टिपणारा. चर्च कोरून झाल्याबरोबर, गिलावा लावण्याच्याही आधी, कुणीतरी तो नुसत्या दगडावर ओढला होता.

"सगळ्या संतांहून जुना," प्राध्यापक म्हणाले. "मुखपृष्ठाला हाच."

तुलाय कागद शोधू लागली. बाकीचे हळूहळू बाहेर उजेडात निघून गेले.

हिवाळ्यात खोऱ्यात बर्फ पडलं आणि रस्ते जेमतेम चालू राहिले. अशाच एका दिवशी सेयफी जिल्ह्याला संग्रहालयात आला, बूट आपटत. नेझाहत बाईंनी त्याला शेगडीपाशी बसवलं. चहाचे दोन पेले झाले तरी तो बर्फाचंच बोलत राहिला.

"नोकरीचं काही आहे का रे?"

"नाही, बाई. नोकरी बरी चाललीय. पक्षी बघायला माणसं येतात." तो पेला बोटांत फिरवत राहिला. "रुश्तू काकांचं बोलायचं होतं. त्यांना कुणी नाही हो. आई नाही, बहीण नाही. मागणी घालायला जायचं तर घरातलं एखादं मोठं बाईमाणूस लागतं. तुम्ही त्यांच्या बाजूने याल का?"

बाईंनी चष्मा काढला. "मागणी घालायची कुणाकडे?"

सेयफीचे कान लाल झाले.

"माझ्याकडेच," तो म्हणाला. "तुम्ही दोघं आलात की मी जरा आढेवेढे घेईन, बाई. लगेच हो म्हटलं तर बरं दिसत नाही. आई म्हणाली, निदान एक कप कॉफी होईपर्यंत तरी थांब."